पुढची बातमी कधी मिळणार, एवढं तरी सांगा

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कापलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

आज थोडं जुनं काढणार आहे, २०२० चं. लगेच पुढे ढकलू नका, कोविडवर भाषण नाहीये. कंपनीत काहीतरी बिघडलंय हे सगळ्यांना जाणवतंय आणि वरून कुणी चकार शब्द बोलत नाहीये, अशा वेळी पोटात जो गोळा येतो ना, त्या गोळ्याबद्दल बोलायचंय. कामावरून काढणार अशी कुणकुण असो, कंपनी विकली जाणार अशी चर्चा असो, नाहीतर ऑर्डर आटलेल्या असोत. गोळा तोच असतो.

जून २०२० चा शेवटचा आठवडा. आपलं शहर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं. मी वाळूजला एका लहान कंपनीत एचआर ट्रेनी होतो. लहान म्हणजे तीनेकशे माणसं, निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. पत्र्याचे पार्ट बनायचे. नाव सांगणार नाही, विचारूही नका. नोकरीला चार महिने झालेले, त्यातला महिनाभर तर लॉकडाऊनमुळे घरीच बसून.

रात्री दहाला फोन थरथरायला लागला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरत होता. प्रेस शॉपचे तीन जण पॉझिटिव्ह, उद्या कंपनी बंद, कुणी येऊ नका. खाली कुणाचं नाव नाही, वर फॉरवर्डचा तो दुहेरी बाण. तासाभरात मला वीस-बावीस फोन आले. मी साहेबांना लावला. ते म्हणाले, "तू काही बोलू नकोस. वरून कळवतील." मग मी प्रत्येकाला एकच सांगत बसलो, "मला माहीत नाही दादा." एकाने विचारलं, "मग तुला ठेवलंय कामून?" त्याचं काही चुकलं नव्हतं.

सकाळी निम्मे लोक आले, निम्मे आले नाहीत. कंपनी चालूच होती. जे आले नाहीत त्यांची गैरहजेरी लागली. जे आले ते गेटवरच उभे राहिले, आत जायला तयार नाहीत. नंतर कळलं की पॉझिटिव्ह एकच जण होता, आणि साहेबांना ते आदल्या दिवशी दुपारी तीनलाच कळलं होतं. सांगितलं का नाही, तर घबराट पसरेल म्हणून. आता गंमत बघा, घबराट काय थांबली का? एकाचे तीन झाले आणि वर कंपनी बंद झाली, ती पण फुकटात.

तेव्हा वाळूजमध्ये नेमकं काय चाललं होतं ते थोडं सांगतो, कारण ऐकणाऱ्यांतले बरेच जण तेव्हा शाळेत असतील. २४ मार्चच्या रात्री आठला लॉकडाऊन जाहीर झाला आणि बाराला लागू झाला. २९ मार्चला केंद्राच्या गृह मंत्रालयाचा आदेश आला, की बंद काळातला पगार कापायचा नाही. मे महिन्यात तो आदेश मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की मालक आणि कामगारांनी बसून बोलून मार्ग काढावा. म्हणजे अडीच महिन्यांत पगाराचा नियम तीनदा हलला. कंपन्यांना स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनेही सांगतोय. पण 'आम्हालाही अजून माहीत नाही' हे वाक्य मात्र फार थोड्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

वाळूज म्हटलं की बजाज ऑटो. मी तिथे कधी कामाला नव्हतो, त्यामुळे त्या वेळी बातम्यांत जे छापून आलं तेवढंच सांगतो. कारखान्यात आठ हजारांवर माणसं. जूनच्या शेवटी त्यातले १४० जण पॉझिटिव्ह निघाल्याचं आणि दोघांचा मृत्यू झाल्याचं कंपनीने सांगितलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आकडा २५० वर गेला. कामगार संघटनेचं म्हणणं होतं की दहा-पंधरा दिवस कारखाना बंद ठेवा. कंपनीचं म्हणणं होतं की या विषाणूसोबत जगायला शिकावं लागेल, आणि जो कामावर येणार नाही त्याला पगार मिळणार नाही असं पत्र कामगारांना गेलं.

या पत्रावर मी खूप विचार केलाय. त्यात मोघम असं काहीच नाही. पगाराचं उत्तर स्वच्छ आहे, आणि तेवढी स्पष्टता तर आमच्या कंपनीतही नव्हती. पण बजाजनगरमध्ये दहा बाय दहाच्या खोलीत तिघे-चौघे राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात त्या रात्री प्रश्न दुसराच असायचा. माझ्या शेजारच्या मशीनवरचा पॉझिटिव्ह निघाला, तर मला कोण सांगणार? त्याच दिवशी सांगणार की चार दिवसांनी? मला घरी ठेवलं तर ते दिवस भरणार की कापणार? माणूस घाबरून जे विचारतोय त्याचं उत्तर न देता दुसऱ्याच प्रश्नाचं खणखणीत उत्तर दिलं, की ते उत्तर धमकीसारखं ऐकू येतं. लिहिणाऱ्याच्या मनात धमकी नसली तरी.

मला वाटायचं की लोक वाईट बातमीला घाबरतात. तसं नसतं. २०१६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला होता. ४५ जणांना कॉम्प्युटरवर खेळ दिला. दगड उलटायचा, खाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा. साप निघाला की हाताला विजेचा झटका, खराखुरा, दुखणारा. घाम किती येतो, डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या होतात, हे सगळं मोजलं. झटका नक्की बसणार हे ज्यांना माहीत होतं, त्यांचा ताण सगळ्यात जास्त असायला हवा ना? नव्हता. सगळ्यात जास्त ताण होता झटक्याची शक्यता बरोबर निम्मी होती तेव्हा. बसेल किंवा बसणार नाही. बसणारच हे माहीत असलं तर माणूस दात-ओठ आवळून तयार तरी होतो.

हे वाचलं तेव्हा मला त्या रात्रीचे बावीस फोन आठवले. कुणीही मला 'सगळं ठीक आहे असं सांग' म्हणालं नव्हतं. सगळे विचारत होते, "उद्या यायचं का नाही, तेवढं सांग."

आता वाळूजहून शहराच्या दुसऱ्या टोकाला या. चिकलठाणा, शेंद्रा, मग करमाड, पुढे जालना. ८ मे २०२० ची पहाट तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे वीस मजूर आदल्या संध्याकाळी रुळांच्या कडेने चालत निघाले. भुसावळहून गाडी मिळेल अशी त्यांची आशा होती. करमाड आणि बदनापूरच्या मधे थकून रुळांवर झोपले, आणि सव्वापाचच्या सुमारास रिकामी मालगाडी आली. सोळा जण गेले. वाचलेल्यांनी सांगितलं की घरी जायच्या पाससाठी त्यांनी आठवडाभर आधी अर्ज केला होता आणि त्याचं पुढे काय झालं हे त्यांना कळलंच नव्हतं. लॉकडाऊन म्हणजे गाड्या बंद, असं ते धरून चालले होते. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या चालू होत्या.

एक फोन आला असता तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. तेवढा सोपा हिशोब नाही तो. पोटाचा प्रश्न होता, घराची ओढ होती. पण 'तुमचा अर्ज इथे आहे, अमुक तारखेपर्यंत कळवतो' एवढं ज्याला कुणीच सांगत नाही, तो माणूस कधीतरी उठतो आणि चालायला लागतो. आपण म्हणतो, अरे वेड्यांनो, थांबायचं ना थोडं! थांबायचं कशाच्या भरवशावर?

बरं, परत आमच्या कंपनीत. गेटवर तो राडा झाला त्याच दिवशी एक गोष्ट घडली. आमचे मेंटेनन्सचे इन्चार्ज होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. शिक्षण आयटीआय, तीस वर्षं मशीनमध्ये गेलेली, बोलणं तुसडं. प्रेस शॉपच्या दाराशी एक पांढरा बोर्ड होता, त्यावर रोज तीन रकाने असायचे: टार्गेट, झालं, रिजेक्शन. काकांनी बोर्ड पुसला. उभ्या रेघा तशाच ठेवल्या, कारण त्या पक्क्या रंगाच्या होत्या. आणि वर नवीन नावं लिहिली: कळलं, कळलं नाही, परत कधी.

पहिल्या रकान्यात लिहिलं, 'आपल्यातला एक जण पॉझिटिव्ह. घाटीत आहे. तब्येत बरी.' दुसऱ्यात, 'टेस्ट कुणाकुणाची होणार. जूनचा पगार पूर्ण की कापून.' तिसऱ्यात, 'आज दुपारी शिफ्ट बदलताना.'

त्यांनी त्या माणसाचं नाव लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "त्याच्या घरमालकाला कळलं तर बायको-लेकरं रस्त्यावर येतील." खरं होतं ते, तेव्हा असं होत होतं. पण त्याच्या आजूबाजूच्या मशीनवरचे जे सहा जण होते, त्यांना एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं. बातमी सगळ्यांना द्यायची आणि नाव फक्त ज्याला गरज त्यालाच, हा फरक मला एचआरच्या कुठल्या पुस्तकातून नाही, काकांकडून कळला.

दुपारी शिफ्ट बदलताना लोक जमले. काका आले आणि म्हणाले, "नवीन काही कळलं नाही. उद्या पावणेसातला." आणि गेले. लोक हसले. पण हसले, हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी पावणेसातला ते हजर. तिसऱ्या दिवशी पण. पाच दिवसांनी मला रात्री येणारे फोन दोनवर आले होते. काकांनी चांगली बातमी एकही दिली नव्हती, मंडळी. त्यांनी फक्त वेळ पाळली. मधल्या वेळात कुणी फॉरवर्ड पाठवला तर ग्रुपवर दुसरंच कुणी लिहायचं, 'थांब, सकाळी बोर्डावर येईल.'

साहेबांना हे आवडलं नाही, हे सांगायला नकोच. विशेषतः 'कळलं नाही' हा रकाना. "कंपनीचं अज्ञान चव्हाट्यावर कशाला?" 'जूनचा पगार' ही ओळ तिथे नऊ दिवस होती आणि साहेबांनी दोनदा पुसायला सांगितली. काका म्हणाले, "उत्तर द्या, लगेच पुसतो."

उत्तर आलं ते वाईट होतं. कायम लोकांचा तीस टक्के कापून, आणि ठेकेदाराच्या माणसांना भरले तेवढ्याच दिवसांचे पैसे. लोक चिडले, अर्धा दिवस काम बंद पडलं. ठेकेदाराची चाळीसेक माणसं गावी निघून गेली ती परत आलीच नाहीत. म्हणून मला ते लोक पटत नाहीत जे ट्रेनिंगमध्ये सांगतात की नीट संवाद साधा, चिंता आपोआप कमी होईल. पगार कापल्याची चिंता गोड बोलून जात नाही आणि जाऊही नये. माणसाला आपण किती खोल पाण्यात आहोत हे कळलं, तर तो त्याप्रमाणे हातपाय मारतो. त्या चाळिसांनी निदान खोलीचं पुढच्या महिन्याचं भाडं भरलं नाही.

त्यात एक गोष्ट आमच्याकडून सुरुवातीला साफ राहिली, ती सांगतोच. बोर्ड मराठीत होता. ठेकेदाराच्या माणसांत बिहारचे, उत्तर प्रदेशचे पुष्कळ. ते कंपनीच्या ग्रुपमध्येही नव्हते, कारण 'ते आपले नाहीत'. विषाणूला मात्र ते आपलेच होते. चौथ्या दिवशी एका पोराने काकांना हिंदीत विचारलं की इथे रोज काय लिहिता, तेव्हा आमच्या लक्षात आलं. मग खाली हिंदीत पण लिहायला लागलो. पुढे अभ्यास करताना कळलं की ही काही आमची हुशारी नव्हती, तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम १०८ मध्ये, सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायचं बंधन होतंच. आणि भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये त्याच कायद्यात कलम १११-अ आलं: कामावरच्या आरोग्य आणि सुरक्षेबद्दलची माहिती मागण्याचा कामगाराला हक्क. म्हणजे 'शेजारच्या मशीनवर काय झालं' हे विचारणं आगाऊपणा नव्हता, हक्क होता. आमच्या नोटीस बोर्डावर त्या कायद्याचा गोषवारा काचेआड लावलेला होता, इतक्या बारीक अक्षरात की मी चार महिने त्याच्यासमोर उभा राहून चहा प्यायलो आणि वाचला नाही.

मोठ्या साहेबांनी कसं बोलावं याचं एक उदाहरण देतो, मग संपवत आणतो. मार्च २०२० मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीचे प्रमुख आर्नी सोरेन्सन यांनी कर्मचाऱ्यांसाठी एक व्हिडिओ केला. यूट्यूबवर आहे, सहा मिनिटांच्या आतला, बघा. त्यांना कॅन्सर होता, उपचारांमुळे डोक्यावर केस नव्हते. सुरुवातीलाच सांगतात की या अवतारात मी कॅमेऱ्यासमोर यावं का, याबद्दल आमच्या लोकांना शंका होती. मग थेट आकड्यांवर येतात. धंदा किती बुडाला, कुणाला घरी बसावं लागणार, आणि २०२० च्या उरलेल्या काळात मी स्वतः पगार घेणार नाही. रडवेलं होतं शेवटी, पण आकडे आधी. वर्षभरात, फेब्रुवारी २०२१ मध्ये ते वारले. उलट टोक म्हणजे डिसेंबर २०२१ चा तो झूम कॉल, अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉमचा, नऊशे लोकांना काही मिनिटांत घरी पाठवलं तो. ती क्लिप तुम्ही बघितलेलीच असणार. तिथेही माहिती स्पष्टच होती म्हणा.

पण तुम्ही-आम्ही काही मॅरियटचे प्रमुख नाही. तुम्ही ट्रेनी असाल, टीम लीड असाल, नाहीतर नुसतेच घाबरलेले असाल. मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. साहेबांना 'काय होणार आहे?' असं विचारू नका. ते म्हणणार 'बघू', आणि तुम्ही आणखी घाबरणार. विचारा, "सर, हे कधीपर्यंत ठरेल? आणि ठरल्यावर आम्हाला कोण सांगेल?" साहेबांनाही याचं उत्तर देणं सोपं जातं, कारण त्यात कबूल काहीच करायचं नसतं, फक्त एक वार आणि एक माणूस द्यायचा असतो. आणि तुमच्या हाताखाली दोन जरी माणसं असतील, तर 'वरून कळवतील' हे वाक्य बंद करा. मी ते वाक्य बावीस वेळा म्हटलंय एका रात्रीत. अजून लाज वाटते.

काकांचं राहिलंच. १० ते १८ जुलै शहरात आणि वाळूजमध्ये कडक संचारबंदी लागली. कंपन्या बंद. बोर्डासमोर कुणी उभं राहणार नाही, म्हणून काका रोज संध्याकाळी सातला ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायचे. तोवर ठेकेदाराची माणसंही ग्रुपमध्ये आली होती. मराठीत एक, मोडक्या हिंदीत एक. मागे कुकरच्या शिट्ट्या.

एका संध्याकाळी सात वाजले, नोट आली नाही. सव्वासात. ग्रुपवर लोक नुसते प्रश्नचिन्ह टाकायला लागले. साडेसातला मला फोन सुरू झाले, परत त्या जूनच्या रात्रीसारखे. आठला दहा कमी असताना काकांचा आवाज आला. मागे गर्दी, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"मी आणि बायको टेस्टच्या लाइनीत आहोत. ताप आहे. रिपोर्ट कधी येणार माहीत नाही. कंपनीचं नवीन काही नाही. उद्या सातला एचआरचं पोरगं सांगेल."

एचआरचं पोरगं म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातला पाच मिनिटं कमी असताना मी गच्चीवर गेलो, चार वेळा रेकॉर्ड करून पुसलं, आणि पाचव्यांदा पाठवलं. "कंपनी कधी उघडणार, कळलेलं नाही. काकांचा ताप उतरलाय, रिपोर्ट आलेला नाही. उद्या सातला परत सांगतो." बारा सेकंद. खाली शंभरावर अंगठे.

रिपोर्ट दोघांचेही पॉझिटिव्ह आले, आणि दोघं बरे झाले. काका ऑगस्टमध्ये कामावर आले तेव्हा बोर्डावर परत टार्गेट लिहिलं जात होतं. त्यांनी बघितलं, पेन उचललं आणि रिजेक्शनचा आकडा दुरुस्त केला.

तुमच्या ऑफिसात असं कुणी असेल, किंवा तुमच्यावर 'वरून कळवतील' म्हणायची वेळ आली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव घेऊ नका. पुढचा भाग शुक्रवारी सकाळी सातला. विषय अजून ठरलेला नाही.